उंदरावरचा अनुस्वार

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मिस्त्री एका दवाखान्याच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये होते. मोटरला ग्रीस लावता लावता हातातला डबा खाली पडला. पडलेला डबा त्यांना दिसत होता, पण तो उचलायला हात काही पुढे जाईना. दवाखान्यातच पडलात म्हणून वाचलात, असं नंतर जो तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

तेहतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोन महिन्यांत पाय चालू लागला, उजवा हात निम्माशिम्मा परत आला. शब्द मात्र आले नाहीत. ऐकलेलं कळायचं, वाचलेलं कळायचं, पण बोलायला जावं तर भलताच शब्द तोंडातून बाहेर पडायचा. पाणी हवं असलं की ‘पाना’. एकदा बायकोला हाक मारायला गेले आणि म्हणाले, “फ्यूज!”

“बरोबर आहे,” ती म्हणाली, “माझा तेवढा उडायचा राहिलाय.”

बोलणं शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. कप, छत्री, घोडा अशी चित्रांची कार्डं दाखवायच्या. मिस्त्री तोंड फिरवून बसायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी घोडा ओळखून दाखवायचा म्हणजे काय!

परगावी राहणारी मुलगी चार दिवसांसाठी आली होती. कॉलेजात असताना ती कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायची. त्यात चित्रं नव्हतीच, नुसता मजकूर. ‘तुम्ही सराईच्या अंगणात आहात. खाली तळघर आहे.’ मग आपण लिहायचं, ‘खाली जा’. लांबलांबचे लोक एकाच वेळी त्या गावात फिरायचे, कुणी राक्षस मारायचं, कुणी गप्पा छाटायचं. नवख्यांसाठी तळघरात उंदीर ठेवलेले होते.

“बाबा, हे करून बघा,” ती म्हणाली. “इथे बोलावं लागत नाही. पण शब्द बरोबर लागतो हं.”

तो लागायचाच. ‘उदीर मार’ लिहिलं की खेळ म्हणायचा, ‘असं इथे काही नाही.’ उंदीर समोर दात विचकून उभा, आणि अनुस्वार नाही म्हणून तो नाहीच! पहिल्या दिवशी मिस्त्रींना एक उंदीर मारायला पाऊण तास लागला. त्या अवधीत तो त्यांना अकरा वेळा चावला.

बायको सकाळी शिवणाच्या कारखान्यात गेली की मिस्त्री दहाला खुर्चीत बसायचे आणि बाराला उठायचे. डाव्या हाताचं एक बोट. खाली जा. उंदीर मार. शेपूट उचल. वर जा. नुसते उंदीर मारून खेळातली पायरी फारशी वर चढत नाही, त्यामुळे बाकीचे खेळाडू त्यांना ओलांडून जंगलाकडे निघून जायचे. मिस्त्री चौथ्या पायरीवरच राहिले. उंदीर हा शब्द आता मागितला की यायचा, आणि तेवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

चाळिसाव्या दिवशी पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळी आल्या. खेळाची देखरेख करणाऱ्यांना तिथे रखवालदार म्हणत. त्यांपैकी एकाने लिहिलं होतं, ‘तुम्ही रोज दहा ते बारा त्याच चार आज्ञा देता. हे यंत्र लावून चाललंय असा संशय आहे. माणूस असाल तर उत्तर द्या. दोन मिनिटं.’

मिस्त्रींना शब्द न् शब्द कळला. उत्तरही माहीत होतं. बोट पुढे केलं आणि लिहिलं, ‘उंदीर’. ते नको होतं. पुन्हा लिहिलं, ‘मार’. मग ‘खाली जा’. रखवालदाराची खात्रीच पटली. मिस्त्री कोठडीत पडले, आणि कोठडीत कुठलीच आज्ञा चालत नव्हती.

बायको दुपारी जेवायला आली तर ते पडद्याकडे बघत तसेच बसलेले. कान लाल झाले होते. तिने वाचलं आणि मुलीला फोन लावला.

“मी आत्ता लिहिते त्यांना,” मुलगी म्हणाली. “दोन ओळींचं तर काम.”

मिस्त्रींनी टेबलावर थाप मारली. “नाही! मी.”

बायकोने फोन ठेवला. नंतर कधीतरी ती मुलीला म्हणाली, “चिडले गं ते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला तर बरंच वाटलं.”

रखवालदाराला पाठवायच्या पत्राला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ‘मी’ आणि ‘माणूस’. दुसऱ्या दिवशी धंद्यातले शब्द आले, कारण ते त्यातल्या त्यात लवकर यायचे. हवा तो शब्द येईना तेव्हा त्यांनी कागदावर कुलपाचं चित्र काढलं. बायकोने ते पाहिलं, ओठ मिटून घेतले आणि मटार सोलत राहिली. तासाभराने त्यांनी स्वतःच ‘कोठडी’ लिहिलं. पत्र असं झालं:

‘मी माणूस आहे. लिफ्टचा मिस्त्री. डोक्यात वायर जळाली. शब्द मिळत नाही. उंदीर शब्द मिळाला. कोठडी उघडा.’

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘उघडली आहे. तुमच्या जुन्या नोंदी आता पाहिल्या. सुरुवातीला तुम्ही तीनशे वेळा उदीर लिहिलंय. यंत्र असं चुकत नाही, मी आधीच बघायला हवं होतं. माफ करा. यापुढे कुणालाही उत्तरासाठी दोन मिनिटांची अट घालणार नाही. तळघरात उंदीर पुरतात का? वाढवू?’

‘पुरतात,’ मिस्त्रींनी लिहिलं. याला वीस मिनिटं लागली.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. पिशवीतली कार्डं त्यांनी बाहेर काढली नाहीत. “हेच मोठ्याने वाचू या,” म्हणाल्या. मिस्त्री ‘मी माणूस आहे’पर्यंत नीट गेले आणि ‘लिफ्टचा’वर अडले. पुढच्या खेपेला तेही जमलं.

बोलणं पूर्ववत कधीच झालं नाही. वाक्यं आखूडच राहिली, घाईत शब्द अजूनही निसटतात. पण वर्षाअखेरीस ते आठवड्यातून तीन दिवस जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागले. स्टुलावर बसून ब्रेकचे सुटे भाग तपासतात. खराब निघाला की नुसतं “बाद” म्हणतात, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही.

खेळात ते तळघरातून बेडकांच्या डबक्यापर्यंत गेले, तिथून जंगलात. तिथे लांडग्याने त्यांना दोनदा मारलं. तिसऱ्यांदा ते गेलेच नाहीत. त्या सकाळी वर्कशॉपला निघायचं होतं.