आक्काला झोप लागावी म्हणून

भावोजी गेल्याचे मला एसटीच्या कंडक्टरने सांगितले. चौलहून येणारी गाडी नागावला थांबली, त्याने खिडकीतून मला हाक मारली आणि म्हणाला, “तुमचे दत्तू मेस्त्री गेले. सकाळी गाडी धूत होते, तिथेच बसले.” मी हसलो. भावोजींनी आजवर मला दोनदा त्याच कंडक्टरकरवी खोटे निरोप पाठवून चौलला पळवले होते, एकदा तर नुसते फणस उचलायला. पण कंडक्टर हसला नाही, आणि गाडीही सोडेना... तेव्हा कळले.

दत्ताराम माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लढाई संपल्यावर लष्कराने काढून टाकलेला एक पिकअप त्यांनी घेतला होता. वाडीतली सुपारी नि नारळ त्यातून अलिबागला जात. गाडी ताकदीची, पण चिखलातून तोफा ओढण्यासाठी जन्मलेली. इंजिनाने ऊर फुटेस्तोवर फिरावे तेव्हा चाक एकदा फिरणार. ताशी वीस मैलांच्या पुढे गेली की सगळा पत्रा थडथडायचा आणि शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागे. मला ओरडायला आवडते, म्हणून माझी तक्रार नव्हती. पण आक्काच्या मणक्याला दुखणे लागले आणि दर दोन महिन्यांनी मुंबईच्या इस्पितळात जाणे आले. एरवी रेवसहून लाँच असे. पावसाळ्यात ती बंद. मग पेण-पनवेलचा रस्ता, आणि पिकअपच्या हौद्यात गादीवर आडवी पडलेली आक्का. पहिल्या खेपेहून परत आली तेव्हा तिने ओठ चावून रक्त काढले होते. भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्याआधी त्यांनी कुर्ल्याच्या भंगारातून एका मोडक्या मोटारीचा गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांचा आख्खा ॲक्सल आणला. आता इंजिन सावकाश फिरेल नि गाडी जोरात पळेल, असे मला खडूने जमिनीवर काढून दाखवले. मला काही कळले नाही. मी मान हलवली. काम महिनाभर चालले. शेवटी उरला एक दिवस, कारण दुसऱ्या दिवशी अमावास्या. अमावास्येला काम करायचे नाही, आणि पोट उघडे टाकलेली गाडी अमावास्येच्या हवाली करायची तर त्याहून नाही. ॲक्सलची बैठक स्प्रिंगांना नीट लागेना, तेव्हा घाईघाईत त्यांनी तो पालथा घालून आवळला. संध्याकाळी नारळ फोडला, अर्धी आळी जमली, भावोजींनी पहिला गिअर टाकला आणि गाडी ऐटीत मागे निघाली. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे. गोठ्याची कुडाची भिंत घेऊनच थांबली. ॲक्सल पालथा, म्हणून चाके उलटी; पुढे जायला उरला होता फक्त रिव्हर्स.

“शनी वक्री झालाय, भावोजी,” मी म्हटले.

“अमावास्या सरू दे, मग तुझ्याकडे बघतो.”

आक्का ओट्यावर उशीला टेकून होती. म्हणाली, “मुंबई कुठं हाय, हे चाललेत कुठं.”

अमावास्या सरल्यावर त्यांनी सगळे पुन्हा खोलले. स्प्रिंगांच्या बैठका लोहाराकडून नव्या करून घेतल्या, ॲक्सल सुलटा बसवला. आणि खरोखर, गाडी गुणगुणत पळू लागली. त्या आषाढात मी सोबत होतो. भावोजी दर थोड्या वेळाने पाठच्या बिनकाचेच्या खिडकीतून आक्काकडे बघत. कार्लेखिंडीच्या अलीकडेच तिचे डोळे मिटलेले दिसले. “झोपली रे,” ते माझ्या कानाशी म्हणाले, आणि पनवेलपर्यंत त्यांनी मला, मला, तोंड उघडू दिले नाही. पुढची अकरा वर्षे प्रत्येक पावसाळ्यात ती तशीच झोपून गेली. लोकांना ते सुपारी दाखवत नसत; आपली बायको गाडीत झोपते हे सांगत.

गेल्या आठवड्यात इस्पितळाचा दिवस आला. लाँच बंद. गाडी मी काढली. भावोजींनीच शिकवली होती, पण मी तोंडाने चालवणारा माणूस. कार्लेखिंडीचा चढ लागला नि गाडी कण्हू लागली, तेव्हा मागच्या खिडकीतून आवाज आला.

“दुसरा टाक. त्या आंब्यापाशी ते दुसरा टाकायचे.”

मी टाकला. गाडी सरळ चढली.

“आक्का, तुला कसं ठाऊक? तू तर इथं झोपलेली असायचीस.”

“झोप कुठली रे. मी डोळे मिटले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.”

“म्हणजे दुखायचं?”

“दुखायचं की. आधीपेक्षा कमी, पण दुखायचं.”

“मग कधी बोलली न्हाईस ते?”

“बोलले असते तर पुन्हा सगळी गाडी खोलून बसले असते.”

पनवेलपर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिले नाही. तिला डोळे उघडे ठेवता यावेत म्हणून.