पाचव्या ओळीतले पट्टे

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पट्टेबाई म्हणत. जखमेतला जंतू वाढवायचा, त्याचा डीएनए ठरावीक जागी तोडायचा, जेलमध्ये एकेका नमुन्याला एकेक ओळ देऊन वीज सोडायची. मग अतिनील दिव्याखाली पट्टे चमकतात. दोन जंतूंचे पट्टे जुळले, की दोघांचं घराणं एक. माणसांच्या बाबतीत बाईंची नजर यथातथाच. कपडे बदलले की शेजारीणसुद्धा ओळखू येत नसे. पट्टे मात्र त्या विसरत नसत.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डातले तिघं एकापाठोपाठ तापाने फणफणले. बाईंनी त्यांच्या जंतूंवर दिवा लावला आणि तीन ओळींतून नवरा त्यांच्याकडे बघायला लागला.

तो काही वर्षांपूर्वी त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, जखम चिघळून गेला होता. शुश्रूषा बाईंनीच केली होती. शेवटी तो "थंडी वाजते" एवढंच म्हणत असे. त्याचा जंतू नमुना म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलेला होता. तो त्यांनी चौथ्या ओळीत घातला. हुबेहूब.

"तुमच्या नळीतलंच काहीतरी मिसळलं असेल," साहेब म्हणाले. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. नुसत्या पाण्याची ओळ कोरी राहिली, म्हणजे काही मिसळलं नव्हतं. तिघांचे पट्टे तसेच.

म्हणजे जंतू इतकी वर्षं कुठेतरी नांदत होता. नळ, खाटा, कड्या, वॉर्डातल्या सिस्टरचे हात, असे जंतू गुपचूप राहतात ते सिस्टरचं नाक, सगळं तपासून झालं. काही सापडेना, तेव्हा साहेबांनी ठपका सिस्टरवरच ठेवायचं ठरवलं.

"बघा बाई, नाक माझं स्वच्छ आणि बदलीही माझीच!" सिस्टर म्हणाली. "तुमचं बरंय. जेवणाच्या सुट्टीत येता, खिडकीशी बसता, पेशंटच्या उशा सारख्या करता. तुमच्या नाकाला कोण विचारतंय?"

बाई हसल्या. जिन्याच्या वळणावर त्यांचं हसू थांबलं.

पाचव्या ओळीत त्यांनी स्वतःच्या नाकातला जंतू घातला. दिवा लावायला जरा वेळ घेतला.

तोच. जिवंतपणी सासुरवाडीला मुक्काम करायचा म्हटलं की ज्याचं पोट दुखे, त्याने बायकोच्या नाकात बिऱ्हाड थाटलं होतं, आणि रोज दुपारी तो तिच्यासोबत जुन्या खाटेकडे जात होता.

"सिस्टरला सोडा," बाई साहेबांना म्हणाल्या. "मी आहे."

साहेबांनी पट्ट्यांचा फोटो पाहिला. "नाकात मलम लावा. आठवड्याभरात जाईल."

"कोण?" बाईंनी विचारलं.

मलम त्यांनी लावलं. पुढच्या वेळी पाचवी ओळ कोरी निघाली. तिघं बरे होऊन घरी गेले. सिस्टर जागेवर राहिली.

दुपारी बाई आता फ्रीझरला टेकून बसतात. दार उघडत नाहीत. फ्रीझरची पाठ बाहेरून कोमट असते, माणसासारखी. आत उणे ऐंशी अंश. आणि थंडी तर त्याला कधीच सोसत नव्हती.