घरटं तेवढं ठेवलं

दिल्लीत आपटा सहजी मिळत नाही, म्हणून आमच्या कॉलनीतली मराठी मंडळी दसऱ्याला कांचनाची पानं वाटतात. पानाचा आकार साधारण सारखा, तेवढ्यावर भागतं. असा एक कांचन आमच्या तळमजल्यावरच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात आहे. वरच्या मजल्यावरच्या बाई कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या सर्वेसर्वा. दरवर्षी त्या पिशव्या आणि मुलं घेऊन येतात आणि झाड ओरबाडून नेतात. मी चरफडत गप्प बसायचे.

गेल्या वर्षी गप्प बसले नाही. शिंपी पक्ष्यानं खालच्या फांदीची दोन पानं शिवून घरटं केलं होतं. आत तीन पिल्लं, नुकतीच काड्यांसारखी पिसं फुटलेली. आठवड्याभरात उडाली असती.

मी वर जाऊन सांगितलं, "यंदा झाडाला हात लावायचा नाही."

"अहो ताई, एवढ्याशा पाखरासाठी? सगळी घरं येतात आपल्याकडे सोनं लुटायला."

"करोल बागेतून सोनेरी कागद आणा आणि कापा."

"मुलांना आधीच मराठी धड येत नाही, आता सणही कागदाचा?"

"मग त्यांना सांगा की हा मुळात आपटाच नाही."

"तुम्ही ना यार, बिल्कुल ऐकून घेत नाही! अच्छा, बघते."

ते 'बघते' मी होकार धरलं आणि फाटकाला कुलूप लावलं नाही. ही चूक माझी.

नवमीला दुपारी ऑफिसातून जेवायला घरी आले, तर हात पोचेल तिथवर झाड बोडकं. बाई शेवटच्या पिशवीला गाठ मारत होत्या.

"घरटं तेवढं ठेवलंय हं, ताई! मुलांना दम दिला होता, त्या पानांना हात लावाल तर खबरदार."

खरंच ठेवलं होतं. उघड्या फांदीवर ती दोन पानं लोंबत होती, भर उन्हात, फाटकावरूनही दिसतील अशी. पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा मान वाकडी करून तिकडेच बघत होता. शिंपीण चोचीत अळी धरून कुंपणावर ओरडत होती, पण जवळ येत नव्हती.

"आजूबाजूची पानं काय शोभेला होती?"

"बघा, मदत केली तरी बोलणीच!"

मी सरळ वर त्यांच्या घरात गेले आणि बाल्कनीत उन्हासाठी लावलेली हिरवी जाळी कात्रीनं कापून काढली. त्या मागोमाग धावत आल्या.

"अहो, काय करताय?"

"तुमची मदत घेतेय."

जाळी फांदीवर बांधली, शिंपिणीला शिरायला खालून जागा ठेवली, ऑफिसात अर्धी रजा कळवली आणि काठी घेऊन बसले. कावळ्याला दोनदा हाकललं. बऱ्याच वेळानं शिंपीण आत गेली. दसऱ्यालाही तिथेच बसले. माझ्याच झाडाची पानं मला द्यायला आलेल्यांना फाटकातूनच परत पाठवलं.

पाचव्या दिवशी दोन पिल्लं उडाली. तिसरं घरट्यात मेलेलं होतं, उन्हानं की भुकेनं कोण जाणे. ते कागदावर घेऊन मी वर गेले.

"शी! सणासुदीचं काय दाखवताय?"

"पानं काढल्यावर काय होतं ते. पुढच्या वर्षी फाटकाला कुलूप असेल."

"झाड सरकारी आहे, ताई. तुमची बदली झाली की बघू."

त्यांनी दार लावून घेतलं. बदलीचं मात्र त्यांचं खरं होतं, ती कधीही होऊ शकत होती. म्हणून मी खाली न जाता शेजारच्या दाराची बेल वाजवली, मग त्यापुढच्या. कागद हातातच होता.