सम गाड्या कालव्याने, विषम बाजारातून

माझ्या धाकट्या बहिणीला तुम्ही रोज ऐकता. रेडिओवर सकाळी कुठे कोंडी झालीय ते सांगते ना, तीच! घरी तिला आम्ही चिमणी म्हणतो, पण आवाज असा खणखणीत की स्टँडवर डुलक्या घेणारा टॅक्सीवाला ताडकन उठून बसतो. मी स्वतः टॅक्सी चालवतो, डोळ्यांनी बघितलंय.

परवापर्यंत तिला नोकरीत कायम केलं नव्हतं. रेडिओच्या साहेबांनी बजावलेलं, "परत घोळ झाला तर दुसरी मुलगी बसवू." कारण आधी एकदा तिने सांगितलं, पुलावर गर्दी आहे, कालव्याचा रस्ता मोकळा आहे. आम्ही टॅक्सीवाले पडलो दीडशहाणे. म्हटलं, आता अख्खं गाव कालव्याकडे पळणार, आपण पुलावरूनच जाऊ. आणि अख्ख्या गावाने तेच डोकं चालवलं! पूल तुंबला, कालव्यावर चिटपाखरू नाही, आणि शिव्या खाल्ल्या चिमणीने.

"दादा, मी खरं सांगते तरी तुम्ही उलटे का वागता?"

"अगं, प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच हुशार."

ती वहीत रेघोट्या ओढायला लागली. ती रेघोट्या ओढायला लागली की समजायचं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

आणि परवा पुलावर टँकर आडवा! पूल बंद. स्टँडवर सगळ्यांचे कान रेडिओला. चिमणी कडाडली, "गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर कालव्याने जा, विषम असेल तर बाजारातून. डोकं चालवू नका, नुसता नंबर बघा!"

आमचा मिशीवाला फिस्कारला, "तुझ्या बहिणीने शाळा काढली की काय?"

"तुझा आकडा काय रे?"

"सात."

"मग बाजार. नीघ!"

"आणि तुझा?"

"चार. मी चाललो कालव्याने!"

हसत हसत का होईना, सगळे पांगले. माझ्यामागे एक बाई बसलेल्या, त्यांना कचेरीत पोचायचं होतं. कालव्याचा रस्ता कसा, लोण्यातून सुरी! तेवढ्यात मिशीवाल्याचा फोन. गाडी कडेला घेऊन उचलला. "अरे, बाजारातूनही गाड्या पळतायत! सांग तिला, मानलं बुवा!"

तो ठेवतो न ठेवतो तोच चिमणीचा. "दादा, साहेबांनी कायम केलं!"

मी असा ओरडलो की बाई दचकल्या.

"अहो, काय झालं? चला ना, उशीर होतोय!"

"होत नाही हो बाई. बघा की समोर, रस्ता मोकळा! माझ्या बहिणीने केलाय!"