भोपळ्याचा बाप्तिस्मा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या थोरलीचा बाप्तिस्मा रविवारी बारामतीच्या चर्चमध्ये ठरला होता. फादरांनी बजावलं होतं, "आईवडिलांनी उत्तरं मोठ्यानं द्यायची." म्हणून शनिवारी संध्याकाळी शेळगावच्या घरी अंगणातच आम्ही तालीम घेतली. लेक झोपली होती, तेव्हा सासूबाईंनी तिच्याऐवजी एक लाल भोपळा दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. गळ्यात पांढरा टॉवेल अडकवून त्या स्वतःच फादर झाल्या.

"सैतानाला नाकारता का?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी घसा खाकरला, भोपळ्याकडं बघितलं आणि ह्यांना हसू फुटलं. मलाही आवरेना.

"आरं, सैतानाचं इचारतेय मी, हसतूस काय?" सासूबाई लेकावर ओरडल्या आणि स्वतःच फिस्सकन हसल्या.

तेवढ्यात शेजारचे आबा शेळ्या घेऊन कुंपणापाशी आले. "काय चाललंय? भोपळ्याचं बारसं हाय व्हय?"

"बाप्तिस्म्याची तालीम हाय, आबा," मी म्हणाले. "सैतानाला नाकारायचंय, पण ह्यांच्या तोंडातनं उत्तरच निघंना."

"येवढंच ना?" आबा काठी आपटून गरजले, "न्हाय पायजे आमाला सैतान!"

शेळ्या उधळल्या. मी भोपळ्यासकट खालीच बसले. गलक्यानं लेक जागी होऊन रडू लागली, तिला सासूबाईंनी उचलून आणलं. लग्न झाल्यापासून मी त्यांना वचकूनच असायचे. त्या संध्याकाळी मात्र आम्ही दोघी एकमेकींकडं बघून पदरानं डोळे पुसत किती तरी वेळ हसत राहिलो.