निघणाऱ्याला कुठं विचारणारे सर

सर उजव्या हाताची चार बोटं वर करायचे, अंगठा तळहातात दाबून धरायचे आणि म्हणायचे, “क्रिया झाली हो. पण कुठं? कधी? कशी? कशासाठी?” उत्तर मिळेल तसं एकेक बोट मिटायचं. चारही मिटली की मूठ पोरांपुढं नाचवायचे. “आता वाक्य हातात आलं!”

खोडाळ्याच्या पुढं आमची निवासी शाळा आहे. मी तिथं मराठी शिकवते, जव्हारहून एसटीनं ये-जा करते. सर इंग्रजीचे, सोलापूरकडचे. शाळेच्या आवारातल्या खोलीत एकटेच राहायचे. ते आले तेव्हा मला वाटलं होतं, हे वर्षभरही टिकायचे नाहीत, बदली करून घेतील. इथं बाहेरून आलेल्यांचं आम्ही असंच धरून चालतो. पण हे राहिले, थेट निवृत्तीपर्यंत.

अ‍ॅडव्हर्ब फ्रेज म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आमचे वर्ग शेजारी, मधे पातळ भिंत. मी इकडे कविता शिकवतेय आणि तिकडून सरांचा आवाज, “माय मदर वॉक्स. चालली बाई. कुठं?”

“टू द वेल!”

“कधी?”

“बिफोर सनराइज!”

“कशी?”

“विद हंडा!”

“विद अ हंडा! अ सोडू नका रे, हंडा राहू द्या.” माझा वर्ग खिदळायचा आणि माझी कविता बोंबलायची. एकदा मी तणतणत गेलेच. तर म्हणाले, “मॅडम, रागावून आलात. कशा? रागावून. बघा, तुमचंही एक बोट मिटलं.” काय बोलणार अशा माणसाला!

ती फ्रेज ओळखायची कशी, हे मलासुद्धा पाठ झालंय. शब्दांचं जुडगं असतं, त्याला स्वतःचं क्रियापद नसतं, दुसऱ्याच्या क्रियापदाला धरून राहतं. काढून टाकलं तरी वाक्य पडत नाही. “शी स्लेप्ट. झोपली पोरगी. वाक्य उभं आहे,” सर म्हणायचे. “पण ऑन द फ्लोअर झोपली, विदाउट डिनर झोपली, हे कुणी विचारायचं का नाही?” हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा.

आता गंमत ऐका. घरातून निघालेल्याला ‘कुठं’ म्हणून विचारू नये, हे तुम्हा-आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. चुकून कुणी विचारलंच तर आमच्याकडे माणूस मागं फिरतो, दोन घटका बसतो, पाणी पितो आणि मग नव्यानं निघतो. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, “व्याकरणाला कसला आलाय अपशकुन?”

भात झोडून झालं की इथली घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात. मुकादमाचा टेम्पो येतो, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं सगळं त्यात. वर्गातले बाक रिकामे होतात. कुठं गेली म्हणावं तर मागं राहिलेली म्हातारी माणसं ‘तिकडं’ म्हणून हात करतात. सुमन दहावीला होती, घरून ये-जा करणारी हुशार पोर. तिच्या घरच्यांचा टेम्पो शाळेवरून निघाला आणि सर चार बोटं वर करून रस्त्यात आडवे!

“कुठं चाललात? कधी येणार?”

सुमनच्या बापानं कपाळावर हात मारला. “गुरुजी, निंगताना कुठं नको इचारू!”

झालं. सगळा टेम्पो रिकामा. बाया, पोरं, कोंबड्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसल्या. मुकादम ओरडतोय, “क्या लफडा किया, मास्टरजी!” आणि सर घागरीतून एकेकाला पाणी देतायत, यजमान असल्यासारखे. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सुमन त्यांच्याजवळ सरकून हळूच म्हणाली, “भिवंडीच्या अलीकडं, सर. खाडीजवळ. होळीपर्यंत.” सरांनी दोन बोटं मिटली.

पुढच्या सुट्टीला ते तिकडं गेले. भट्ट्या धुंडाळत सुमनला शोधलं, बापापुढं हात जोडले आणि पोरीला परत आणून वसतिगृहात ठेवलं. ती पास झाली. आता जव्हारला कॉलेजात आहे.

पण लोकांनी धसका घेतला तो घेतलाच. पुढच्या हंगामात टेम्पो शाळेवरून आलेच नाहीत, ओढ्याकडच्या वाटेनं गेले. सर आपले सकाळपासून फाटकात उभे. दुपारी मला म्हणाले, “अजून कुणी निघालं नाही वाटतं.” मला सगळं ठाऊक होतं, पण सांगवेना. त्यांनी पाण्यानं भरून ठेवलेली घागर तशीच होती.

सरांची बायको काही वर्षांपूर्वीच गेलेली. मुलगा पुण्याला. फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, म्हणून संध्याकाळी तिथं जाऊन उभे राहायचे. “बोलला का मुलगा?” मी विचारायची. “बोलला. घाईत,” एवढंच म्हणायचे. दिवाळीला गावी जायचे आणि सुट्टी संपायच्या आत परत यायचे. कुलूपबंद शाळेत एकटा माणूस काय करत असेल, असं मनात यायचं. एकदा डब्यात जास्तीची नागलीची भाकरी नेली, तर म्हणाले, “एवढी कशी संपवू?” आणि संपवली.

एका सोमवारी म्हणाले, “मॅडम, काल मी दिवसभर बाहेर होतो. कुणी विचारलं नाही.”

“मग मी विचारते. कुठं गेला होता?”

“शिरपामाळला. तिथल्या माळावर बसलो होतो.”

“कशासाठी?”

“असाच.”

“असाच चालतं का हो तुमच्या व्याकरणात?” मी चिडवलं. ते हसले, आणि मग म्हणाले, “आल्यावर विचारणं वेगळं, मॅडम. निघताना कुणी विचारलं, की वाटतं, ही माणसं आपली वाट बघणार आहेत.”

त्यांचा शेवटचा दिवस आला. शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. खोडाळ्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली होती. आम्ही सगळे पोचवायला गेलो. “सांभाळून जा,” “तब्येत जपा,” सगळं म्हणालो. ‘कुठं’ मात्र कुणी म्हणालं नाही, आणि मीही नाही. जन्माची सवय, जीभ उचलेचना. सर खिडकीत बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

तेवढ्यात जव्हारच्या जीपमधून सुमन उतरली आणि धावतच खिडकीखाली आली. “सर! कुठं चाललात? कधी येणार?”

“अगं बये, तोंड आवर!” भजीवाली ओरडली.

सर ताडकन उठले आणि खाली उतरले. कंडक्टर म्हणाला, “ओ काका, गाडी सुटतेय!” “इलाज नाही,” सर म्हणाले, “निघताना विचारलंय हिनं. बसून पाणी प्यायला हवं.” भजीच्या गाडीपाशी बाकड्यावर बसले. सुमननं पाणी दिलं. इतकं हळू पाणी पिताना मी कुणाला पाहिलं नाही. गाडीतला एकही माणूस कुरकुरला नाही. रीत ती रीत.

मग त्यांनी चार बोटं वर केली. “कुठं? गावाला.” एक मिटलं. “कसा? एकटाच.” दुसरं मिटलं. “कशासाठी? घर आहे तिथं म्हणून.” तिसरं.

“आणि कधी येणार, सर?” सुमन रडत होती.

सरांनी उरलेल्या बोटाकडे बघितलं. कंडक्टरनं बेल मारली. ते चढले, गाडी हलली. वळणापर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर दिसत होता, आणि एक बोट अजून मिटायचं राहिलं होतं.