छातीएवढ्या उंचीवरची वांगी

थोरले भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी वही काढली. कुणाला कळवायचं, कोण कशाने येणार, पाण्याचं काय... परभणीहून चुडाव्याला पोचेपर्यंत दोन पानं भरली. अंगणातलं झाड मात्र त्यात नव्हतं.

भाऊजींनी उभी हयात एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधली. तिथूनच ते झाड आणलेलं. रुंद काटेरी पानं. फूल उमलताना जांभळं, मग फिकट, शेवटी पांढरंशुभ्र, आणि एकाच घोसात तिन्ही रंग. फूल अगदी वांग्याच्या फुलासारखं कसं, असं मी विचारलं तर म्हणाले, "वांग्याचंच भाऊबंद हाय ते. निस्तं उंच झालंय."

मग जाऊबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं, वाकणं बंद. परसातली वांगी तोडायला शेजारणीला हाक मारावी लागे, आणि ते त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. भाऊजींनी त्या झाडाचा शेंडा छाटला आणि छातीच्या उंचीवर वांग्याची काडी बांधली. दोन कलमं जगली, वाढली आणि वाळली. आंब्याचं कलम एकदा धरलं की धरलं, त्याच भरवशावर राहिले होते ते; इथे सांध्याखालून झाडाचे स्वतःचे फुटवे उठले आणि वांग्याला उपाशी ठेवलं. तिसऱ्या खेपेपासून रोज सकाळी, दात घासता घासता, ते फुटवे खुडू लागले.

"आता तोड उभ्यानं, राणीसारखी."

"राणी काय वांगे तोडती व्हय?" म्हणत जाऊबाईंनी पदरभर तोडली.

भाऊजी गेल्यावर तेराव्यापर्यंत त्या घराबाहेर आल्या नाहीत. चौदाव्या दिवशी अंगणातून हाक आली, "वांग्यानं मान टाकलीय बघ." फुटवे हातहातभर वाढले होते. मी भराभर खुडत सुटले. मागच्या अंगाला एक जुनी, फुलांनी लगडलेली फांदी होती, तिला हात घातला.

"ती न्हाई. ती त्यांनी कधीच खुडली न्हाई."

"का, अक्का?"

"मी बी इचारलं व्हतं. म्हणले, सारं झाड आपण वांग्याच्या कामाला लावलं... एक फांदी त्याची त्याला ऱ्हाऊ दे."

"पण आता रोज खुडणार कोण?"

"वरचे हातानं, खालचे काठीनं. वाकायचं हाय कुठं?"

हल्ली सकाळी सातला फोन लावला की जाऊबाई म्हणतात, "थांब गं, फुटवे खुडायले."

आणि मी फोन धरून थांबते.